जामीन राहणारा जॉन ऑगस्टस



उपवासकाळातली एक संध्याकाळ. मिस्सा आटोपून आम्ही सॅक्रिस्टीतून बाहेर पडत होतो, तेव्हा एक माऊली दाराशी उभी होती. ती आपल्या धर्मग्रामातली नव्हे. कोठली, ते सांगण्याचे कारण नाही. तिचा मुलगा चोरीच्या एका प्रकरणात अटकेत होता. कोर्टाने जामीन मंजूर केला होता, पण जामीनदार मिळत नव्हता. जामीनदार म्हणून उभे राहणाऱ्याला आपली ऐपत दाखवावी लागते. सातबारा, घरपट्टीची पावती, पगाराचा दाखला, असे काहीतरी हाती असावे लागते. मुलगा तारखेला हजर झाला नाही तर कागदावर लिहिलेली रक्कम त्याच्याकडून वसूल होऊ शकते. तिच्याकडे भाड्याची खोली होती आणि नातेवाईकांनी दारे लावून घेतली होती. फादरांच्या ओळखीचे कोणी असेल तर त्यांनी शब्द टाकावा, एवढेच तिचे मागणे होते.

आमचा शब्द मोडणार नाहीत अशी पाच-सहा घरे आम्हाला तेव्हाच आठवली. आम्ही कोणालाही विचारले नाही. मुलगा पळून गेला तर त्या माणसाचे पैसे जातील, आणि पुढच्या रविवारी आम्ही त्याला तोंड कसे दाखवणार, हा विचार मनात आला. आम्ही त्या माऊलीला थोडे पैसे दिले आणि प्रार्थनेचे आश्वासन दिले. ती आभार मानून गेली.

त्या रात्री आम्ही पवित्र शास्त्र उघडले ते, खरे सांगायचे तर, स्वतःला निर्दोष ठरवण्यासाठी. आधार मिळालाही. नीतिसूत्रांचा ग्रंथ परक्यासाठी जामीन राहण्याविरुद्ध एकदा नव्हे, अनेकदा बजावतो. बेन सिरा मात्र एकाच अध्यायात दोन्ही बाजू मांडतो: सज्जन शेजाऱ्यासाठी जामीन राहतो, आणि जामीन राहून पुष्कळांची घरे बसली आहेत. पौलाने फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात पळून गेलेल्या अनेसिमाचे देणे आपल्या नावावर मांडायला सांगितले आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर येशूलाच अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटले आहे. म्हणजे शहाणपण एकीकडे आणि ख्रिस्त दुसरीकडे, अशी ही अडचण आहे. तेव्हाच आम्हाला बूट शिवणाऱ्या एका माणसाची आठवण झाली. त्याची गोष्ट आम्ही पूर्वी कधीतरी वाचली होती. आज ती तुमच्यापुढे ठेवत आहोत.

जॉन ऑगस्टस याचा जन्म १७८४च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात झाला. लेक्सिंग्टन या गावी त्याने बूट बनवण्याचा धंदा केला आणि पुढे तो बॉस्टन शहरात आला. त्याचे दुकान पोलीस कोर्टाच्या जवळच होते. तो धर्मगुरू नव्हता, वकील नव्हता, श्रीमंतही नव्हता. वयाच्या पंचावन्न-छपन्न वर्षांपर्यंत त्याने जे केले त्यासाठी आज कोणी त्याचे नाव घेतले नसते.

ते दिवस दारूबंदीच्या चळवळीचे होते. १८४० साली बाल्टिमोर शहरात एका गुत्त्यात बसणाऱ्या सहा मित्रांनी दारू सोडण्याची शपथ घेतली आणि जॉर्ज वॉशिंग्टनच्या नावाने एक मंडळ काढले. दारुड्याला दारुड्यानेच हात द्यायचा, ही त्यांची रीत. वर्षभरात हे लोण बॉस्टनला पोहोचले आणि ऑगस्टस त्या मंडळात सामील झाला. सार्वजनिक ठिकाणी पिऊन पडणारा नेहमीचा दारुडा त्या काळी गुन्हेगार ठरे. त्याची रवानगी दक्षिण बॉस्टनमधील एका तुरुंगात होई. त्या तुरुंगाचे नाव होते सुधारगृह. तेथून माणूस सुटे, पुन्हा पिई आणि पुन्हा त्याच बाकावर येऊन बसे.

ऑगस्ट १८४१ मधील एका सकाळी ऑगस्टस कोर्टात बसला होता. शिपायाने एका माणसाला आत आणले. अंगावर चिंध्या, चेहऱ्यावरची कळा गेलेली. आरोप नेहमीचाच. खटला पुकारला जाण्यापूर्वी ऑगस्टस त्याच्याशी दोन शब्द बोलला. सुधारगृहातून वाचलो तर पुन्हा दारूला शिवणार नाही, असे तो म्हणाला. असे तर सगळेच म्हणतात. तुम्हीही आपापल्या घरी ऐकले असेल. पण ऑगस्टसला त्याच्या बोलण्यात काहीतरी खरे वाटले. त्याने न्यायाधीशाला विचारून त्या माणसाचा जामीन घेतला. तीन आठवड्यांनी त्याला पुन्हा हजर करायचे ठरले. त्या माणसाने मद्यत्यागाच्या शपथेवर सही केली.

तीन आठवड्यांनी दोघे कोर्टात आले तेव्हा तेथील लोकांना तो माणूस ओळखू येईना. न्यायाधीशाने त्याला तुरुंगात पाठवले नाही. दंड केला तो एक सेंट! कोर्टखर्च धरून ३ डॉलर ७६ सेंट झाले आणि ते त्याने तेथेच भरले. पुढेही तो दारूपासून दूर राहिला, असे ऑगस्टसने नोंदवून ठेवले आहे.

येथे थोडे थांबून ऑगस्टसने नेमके काय केले ते पाहिले पाहिजे. जामीन ही गोष्ट त्याने शोधली नाही. ती शेकडो वर्षांपासून होती. पण जामिनाचा हेतू एवढाच असे की आरोपी तारखेला हजर व्हावा. ऑगस्टसने त्या मधल्या दिवसांचा उपयोग केला. शिक्षा सुनावण्यापूर्वी तीन आठवडे मिळाले. त्या तीन आठवड्यांत माणूस कसा वागतो ते पाहा आणि मग शिक्षा ठरवा, असे त्याने न्यायाधीशाला सुचवले. या मुदतीला त्याने प्रोबेशन हा शब्द वापरला. लॅटिन भाषेत या शब्दाचे मूळ पारखणे, कसाला लावणे असे आहे. संन्यस्त संस्थांत नवशिक्यांची जी पारख होते तिलाही जुन्या पुस्तकांत हाच शब्द आहे. सरकारी मराठीत त्याला परिवीक्षा म्हणतात.

त्याच काळात अमेरिकेतील विद्वान तुरुंगांविषयी मोठा वाद घालत होते. फिलाडेल्फिया येथे १८२९ साली सुरू झालेल्या तुरुंगात प्रत्येक कैद्याला रात्रंदिवस एकट्याला कोठडीत ठेवत. एकांतात त्याला पश्चात्ताप होईल, अशी कल्पना होती. अशा तुरुंगांना पेनिटेन्शरी म्हणत, म्हणजे प्रायश्चित्ताची जागा. न्यूयॉर्क प्रांतातील ऑबर्न येथे दिवसा सर्वांनी एकत्र काम करायचे पण एक शब्दही बोलायचा नाही, आणि रात्री वेगळ्या कोठडीत झोपायचे, अशी पद्धत होती. कोणती पद्धत चांगली यावर ग्रंथ लिहिले गेले. दोन्ही पक्षांचा विश्वास भिंतींवर होता. आपण प्रायश्चित्त संस्कार घेतो तेव्हा पापनिवेदनाच्या जागी निदान एक माणूस तरी ऐकायला बसलेला असतो. कोठडीत कोणीच नसते. ऑगस्टसने या वादात भाग घेतला नाही. तो दररोज सकाळी कोर्टात जाऊन बसू लागला.

त्याच्या कामाची रीत साधी होती, पण भाबडी नव्हती. बाकावर बसलेल्या प्रत्येकाला तो सोडवत नसे. त्या माणसाचे पूर्वीचे वर्तन, वय आणि सुटल्यावर तो कोणाच्या संगतीत राहील, या गोष्टींची तो आधी चौकशी करी. पहिल्यांदाच सापडलेल्यांना तो शक्यतो निवडत असे. जामीन घेतल्यावर त्याला काम मिळवून द्यायचे, राहण्याची सोय पाहायची, मूल असेल तर शाळेत घालायचे. अनेकांना त्याने स्वतःच्याच घरी ठेवले. ठरलेल्या तारखेला तो कोर्टात उभा राहून त्या व्यक्तीच्या वागणुकीचा अहवाल देई. सर्व नोंदी तो वहीत लिहून ठेवत असे. आज जगभर परिवीक्षा अधिकारी जे करतात, म्हणजे आधी चौकशी, मग देखरेख, मग अहवाल, ते सगळे या बूटवाल्याच्या वहीत होते.

सुरुवातीला दारुडे, मग स्त्रिया, मग मुले. १८४७ साली त्याने सात ते पंधरा वर्षे वयाच्या एकोणीस मुलांचा जामीन घेतला. त्यांचे खटले दर महिन्याला पुकारले जात; ऑगस्टस उभा राहून अहवाल देई आणि खटला पुढे ढकलला जाई. असे पाच-सहा महिने चालले. मुदत संपल्यावर त्यांतील बारा मुले एकाच दिवशी कोर्टात आली. पहिल्या दिवशी त्यांना पाहिलेल्या न्यायाधीशाला आश्चर्य वाटले आणि आनंदही झाला. कायद्याला जे हवे होते ते झाले आहे, असे त्याने मान्य केले. प्रत्येकी दहा सेंट दंड झाला. सात मुलांच्या घरी दहा सेंटही नव्हते. ते ऑगस्टसने भरले.

आता विरोध. तो पुष्कळ झाला आणि कोठून झाला हे पाहण्यासारखे आहे. दारुड्याला सुधारगृहात पोहोचवले की शिपायाला त्या फेरीबद्दल पाऊण डॉलर मिळत असे. कोर्टाच्या कारकुनाचा आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्याचाही त्यात वाटा असे. ऑगस्टसने एक माणूस सोडवला की या सर्वांची तेवढी कमाई बुडे. म्हणून त्याच्या वाटेत अडथळे आणले जात. वाईट चालीच्या म्हणून पकडलेल्या स्त्रियांचा तो जामीन घेऊ लागला तेव्हा लोक त्याच्याविषयी नाही नाही ते बोलू लागले. तो गुन्हेगारांना मोकळे सोडतो, शिक्षेची भीती घालवतो, असा आरोप तर कायमचाच होता. त्याचे उत्तर हिशेबी असे: एक माणूस सोडवला की तुरुंगातील एक माणूस कमी होतो आणि शहराचा खर्च वाचतो.

शहराचा खर्च वाचला, त्याचा मात्र वाढला. दुकानाकडे लक्ष देता येईना. धंदा हळूहळू बसला. पुढे तो सहृदय लोकांच्या देणग्यांवर काम करत राहिला. आपण कोणत्याही संस्थेचे नोकर नाही आणि सरकारकडून आपल्याला एक पैसा मिळत नाही, हे त्याला पुन्हा पुन्हा सांगावे लागे. १८५२ साली त्याने आपल्या दहा वर्षांच्या कामाचा वृत्तांत छापला. देणगीदारांना हिशेब द्यावा आणि टीकाकारांना उत्तर मिळावे, हा त्यामागचा उद्देश.

२१ जून १८५९ रोजी तो वारला. १८५८ सालापर्यंत त्याने १,९४६ जणांचा जामीन घेतला होता. त्यांत १,१५२ पुरुष आणि ७९४ स्त्रिया. जामीन बुडवून पळालेले हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच. आम्हाला त्या संध्याकाळी वाटलेली भीती अगदीच निराधार नव्हती. ती खरी ठरण्याचा संभव मात्र आम्ही समजत होतो त्यापेक्षा फारच थोडा होता.

तरी एक गोष्ट आम्हाला खटकते, ती लपवत नाही. ऑगस्टस निवड करत होता. ज्याच्याकडे पाहून आशा वाटे त्याला तो सोडवी. ज्याच्याकडे पाहून आशा वाटत नाही त्याचे काय? सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही कांट वाचला. माणसाला दुसऱ्या कशाचे साधन म्हणून वापरू नये, म्हणून शिक्षाही त्याने गुन्हा केला यासाठीच द्यावी, त्याला सुधारण्याच्या किंवा इतरांना धडा देण्याच्या हेतूने नव्हे, असा त्याचा विचार. त्या वयात आम्हाला तो फार पटला होता. आजही त्यातील एक भाग पटतो: ज्याचे घर फुटले त्याच्या दुःखाला काही उत्तर मिळाले पाहिजे. पण कांटच्या ग्रंथात दहा सेंटसाठी अडकलेला सात वर्षांचा मुलगा कोठे भेटत नाही. ऑगस्टसला तो रोज सकाळी भेटत होता. निवड केल्याबद्दल त्याला दोष देणे आम्हाला तरी शोभणार नाही, कारण आम्ही निवडसुद्धा केली नाही.

ऑगस्टसच्या मृत्यूनंतर काही स्वयंसेवकांनी त्याचे काम चालू ठेवले. १८७८ साली मॅसॅच्युसेट्सने कायदा करून बॉस्टनच्या महापौराला पगारी परिवीक्षा अधिकारी नेमण्याचा अधिकार दिला. पहिली नेमणूक झाली ती शहराच्या एका माजी पोलीसप्रमुखाची! १८९१ साली ही पद्धत त्या प्रांतातील सर्व कनिष्ठ कोर्टांना लागू झाली. इंग्लंडमध्ये १८७६ पासून चर्चच्या मद्यत्याग मंडळाचे लोक पोलीस कोर्टात बसून असेच काम करू लागले होते. तेथे १९०७ साली कायदा झाला. अमेरिकेच्या केंद्रीय कोर्टांसाठी तो १९२५ साली आला.

आपल्याकडे मुंबई प्रांताने १९३८ साली असा कायदा केला, आणि संपूर्ण देशासाठी अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८ साली झाला. पुष्कळांना तो ठाऊक नसतो, म्हणून थोडक्यात सांगतो. जन्मठेप किंवा फाशीची शिक्षा असलेले गुन्हे सोडून इतर गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या माणसाला कोर्ट तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते. ही हमी तीन वर्षांपर्यंतची असू शकते. त्या काळात परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख ठेवता येते. दोषी एकवीस वर्षांखालील असेल तर त्याला तुरुंगात पाठवण्यापूर्वी कोर्टाने त्या अधिकाऱ्याचा अहवाल मागवून विचार करायचा असतो, आणि तुरुंगातच पाठवायचे ठरले तर त्याची कारणे लिहायची असतात. लहानसहान चोरीसारख्या गुन्ह्यात पहिल्यांदाच सापडलेल्याला नुसती समज देऊनही सोडता येते. कोणाच्या घरी असा प्रसंग आला तर वकिलाकडे या कायद्याची आठवण काढावी.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही एक नवी शिक्षा आली आहे. ती मोजक्याच किरकोळ गुन्ह्यांसाठी आहे. त्यांतील एक गुन्हा म्हणजे सार्वजनिक ठिकाणी पिऊन गैरवर्तन करणे. ऑगस्टसच्या त्या पहिल्या माणसाचा गुन्हा याच जातीचा होता. मध्ये एकशे त्र्याऐंशी वर्षे गेली.

परंतु हे सगळे दोषी ठरलेल्यांसाठी. दोषी ठरण्यापूर्वीच आत बसलेले कितीतरी अधिक आहेत. २०२२च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतील ४,३४,३०२ जणांच्या खटल्याचा निकाल लागायचा होता. त्यांच्यातले सगळे जामीनदारावाचून अडकले आहेत असे नाही; गंभीर आरोप असलेलेही त्यांत आहेत. पण जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून आत राहिलेलेही आहेत. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मध्य प्रदेशातील एका गरीब गवंड्याचे प्रकरण आले. त्याला दहा हजार रुपयांचा जामीन मागितला होता. भाऊ जामीन राहायला तयार होता, तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या गवंड्याला स्वतःच्या हजार रुपयांच्या हमीवर सोडण्याचा आदेश दिला आणि गरिबांच्या जामिनाविषयी खडे बोल सुनावले. पुढच्याच वर्षी बिहारमधील कच्च्या कैद्यांच्या प्रकरणातही न्यायालयाने तीच दिशा घेतली. तरीही कोर्टाच्या पायरीवर आजही पहिला प्रश्न विचारला जातो तो सातबाऱ्याचा.

ती माऊली ईस्टरनंतर पुन्हा येऊन गेली. तिच्या एका दूरच्या भावाने अखेर आपला सातबारा काढला. तोवर मुलगा आणखी सत्तावीस दिवस आत राहिला होता. आता त्याला दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी लागते. गॅरेजवाल्याने त्याला परत कामावर घेतले आहे, फक्त सोमवारचा अर्धा दिवस कापतो. तिने आम्ही दिलेले पैसे परत आणले होते. आम्ही ते घेतले नाहीत, तेव्हा ती ते अंतोनच्या पेटीत टाकून गेली.

आपला,
धर्मगुरू